आटवायला ठेवलेलं ॲसिड

मी बोरसीला पोहोचले तेव्हा रामटेके सर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. अंगात बनियान, हातात चहाचा कप. मला पाहून म्हणाले, "जय भीम. तुले कोणी बोलावलं? प्रतिभानं काय?"

"हाव सर. तिचा फोन आला."

"काही झालं नाही मले. थोडा धूर गेला नाकात." आणि दोनदा खोकले.

मी आत स्वयंपाकघरात गेले. खिडकी बंद होती, ती उघडली. वास ओळखीचा होता. थोडा गोडसर, मग घशाला टोचणारा. गॅसच्या शेगडीवर काही नव्हतं. ओट्यावर लोखंडी तवा होता. सकाळी त्याच तव्यावर सरांनी पोळ्या केल्या होत्या, आणि आता त्याच्यावर तांबूस गंजाचा थर होता. तीन तासांत पोळ्यांच्या तव्यावर गंज चढत नाही. नायट्रिक ॲसिडची वाफ खोलीत भरली असेल तरच चढतो.

मी बाहेर येऊन सरांच्या समोर बसले. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पिवळी झाली होती. ते ठीक होते, हसत होते, आणि मला भीती वाटायला लागली होती.

मी भिलाईच्या प्लांटमध्ये केमिकल लॅबला आहे, एकोणतीस वर्षं. स्टील वितळवतात त्या शॉपमधून दर थोड्या वेळानं सॅम्पल येतं. त्यात कार्बन किती, गंधक किती, हे काढून आम्ही कळवतो. आता हे मशीनवर होतं. मी लागले तेव्हा अर्धं काम हातानं व्हायचं. नमुना ॲसिडमध्ये विरघळवायचा, गाळायचा, तोलायचा. त्या खोलीला आम्ही वेट लॅब म्हणायचो आणि वेट लॅब म्हणजे रामटेके सर. ते मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील प्लांट उभा राहत होता तेव्हा खलाशी, म्हणजे अवजड सामान उचलणारे मजूर, म्हणून आले होते. सर बी.एस्सी. झाले आणि लॅबमध्ये लागले.

मला काम त्यांनी शिकवलं. ब्युरेट कसं धरायचं, ॲसिड पाण्यात घालायचं पण पाणी ॲसिडमध्ये नाही, हे तर सगळेच शिकवतात. सरांनी थांबायला शिकवलं. प्रेसिपिटेट, म्हणजे भांड्याच्या तळाशी बसणारा गाळ, पूर्ण बसल्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत. शिफ्ट संपत आली असली तरी नाही. "घाई असंल तं दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये जाय," म्हणायचे. माझ्या लग्नात ते आणि कौसल्याबाई, त्यांची बायको, दोघं पहिल्या ओळीत होते. एकोणतीस वर्षांत मी त्यांना एकदाही उलट बोलले नव्हते. तसा प्रसंगही कधी आला नाही, कारण ते बहुतेक वेळा बरोबर असायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बोरसीला घर बांधलं. मागच्या वर्षी कौसल्याबाई गेल्या. किडनीचं होतं. दुर्गच्या एका नर्सिंग होममध्ये अठरा दिवस ठेवलं होतं, तिथंच गेल्या. मुलगी प्रतिभा चरोद्याला असते, जावई रेल्वेत. मुलगा नाही. सर एकटेच राहायचे. स्वतः पोळ्या करायचे आणि वजनकाट्यावर पीठ मोजून घ्यायचे, असं प्रतिभा हसून सांगायची.

आता सरांच्या एका फोनबद्दल सांगते.

या प्रसंगाच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, मी फर्स्ट शिफ्टला होते. मशीनपाशी सॅम्पल येऊन पडलं होतं. त्याचा रिझल्ट काही मिनिटांत द्यावा लागतो, कारण तिकडे भट्टीत स्टील तयार असतं आणि लोक वाट पाहत असतात. तेवढ्यात सरांचा फोन आला.

"सुनीता, काम करून राहिली काय?"

"हाव सर. बोला ना."

"नायट्रिक पातळ असंल तं आटवून घट्ट करता येते ना? मले वाटते येते. खूप वर्षं झाले, म्हणून विचारलं."

"येते ना सर. आधी पाणीच जाते. हूडमध्ये करा म्हणजे झालं."

"हूड," ते म्हणाले आणि हसले. "हाव. ठेवतो."

हूड म्हणजे लॅबमधलं काचेचं कपाट. त्यात भांडं ठेवून गरम करायचं, वर मोठा एक्झॉस्ट असतो, तो सगळी वाफ ओढून छताच्या बाहेर टाकतो. बोरसीच्या घरात हूड कुठून येणार. मला ते त्या क्षणी सुचलं नाही. मला वाटलं, कोणा ओळखीच्याला सांगायला विचारत असतील. मी फोन ठेवला आणि सॅम्पल मशीनमध्ये लावलं. सगळा फोन एक मिनिटाचा.

त्यांना काय करायचं होतं ते मला व्हरांड्यात बसल्यावर कळलं.

कौसल्याबाईंच्या पायातल्या तोरड्या होत्या आणि हातातले गोठ. त्यांच्या आईकडून आलेले, जुने, चांदीचे. सरांना त्याच्या दोन वाट्या करायच्या होत्या, प्रतिभाच्या दोन मुलींना. ते दुर्गच्या एका सोनाराकडे घेऊन गेले. सोनार हातात घेऊन म्हणाला, बाबूजी, इसमें आधा तो ताँबा है. सरांना ते लागलं. ज्या माणसानं आयुष्यभर धातूत काय किती आहे हेच काढलं, त्याला कोणी नुसतं हातात धरून सांगावं.

"म्हटलं, मीच काढतो," सर म्हणाले. "किती चांदी हाय ते पाहू तं द्या."

पद्धत त्यांना पाठ होती. दागिना कापून नायट्रिकमध्ये टाकला की चांदी आणि तांबं दोन्ही विरघळतं. मग त्या पाण्यातून चांदी वेगळी खाली बसवता येते. पण दुकानदार आता असं कोणालाही स्ट्राँग ॲसिड देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ओळखीनं जे मिळालं ते फार पातळ होतं. त्यात तुकडे विरघळत होते, पण हळूहळू. आठवडा झाला तरी तळाशी तुकडे तसेच दिसत होते. म्हणून त्यांनी ठरवलं, पाणी आटवायचं.

"अंगणात कावून नाही केलं सर?"

"अंगणातच करत होतो. पण बाजूच्या सुनेची डिलिव्हरी झाली. बारा दिवसाचं लेकरू हाय. त्याहीच्या खोलीची खिडकी आपल्या अंगणाकडं हाय. म्हटलं, धूर लेकराकडं जाईल. म्हणून आत ठेवलं आणि खिडकी लावून घेतली."



जे झालं ते असं. भांड्यात नुसतं ॲसिड नव्हतं. तळाशी न विरघळलेले तुकडे होते. पाणी आटत गेलं तसं ॲसिड कडक होत गेलं, गरम तर होतंच. मग त्यानं त्या तुकड्यांना एकदम पकडलं. आठवड्याभराचं काम त्यानं दोन मिनिटांत करायला घेतलं. अशा वेळी तपकिरी रंगाचा वायू निघतो, नायट्रोजन डायऑक्साइड. सर बाहेर पेपर वाचत होते. आत गेले तर खोली भरली होती.

"श्वास धरून गेलो, गॅस बंद केला, बाहेर आलो," ते म्हणाले. "मग पुन्हा गेलो."

"पुन्हा कावून?"

"भांडं काढायले. उतू जात होतं. तिची चांदी होती ना त्यात."

भांडं त्यांनी मागच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं. वर ताट झाकलं होतं. श्वास किती वेळ धरता येतो माणसाला, सत्तरीच्या माणसाला, हातात गरम भांडं असताना.

या वायूबद्दल थोडं सांगायला पाहिजे. क्लोरीन किंवा अमोनिया नाकात गेला की माणूस पळतो. डोळ्यांतून पाणी, घशात आग, थांबताच येत नाही. हा वायू तसा नाही. तो घशाला थोडा टोचतो आणि सरळ खाली फुफ्फुसात जातो. तिथल्या ओलाव्यात त्याचं हळूहळू ॲसिड होतं. माणूस खोकतो, मग बरं वाटतं. चार तास, आठ तास, कधी त्याहून जास्त, काहीच वाटत नाही. आणि मग फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. आमच्या सेफ्टी क्लासमध्ये हे दरवर्षी सांगतात. सरही सांगायचे. मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं.

"सर, दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"कशाले?"

"तुम्हाले माहीत आहे कशाले."

त्यांनी कप खाली ठेवला. मग उठून शर्ट घातला.

ऑटोनं आम्ही दुर्गला गेलो. जवळचं नर्सिंग होम तेच होतं, कौसल्याबाई गेल्या ते. दुसरीकडे जायला अर्धा तास जास्त लागला असता, आणि मी तेवढाच विचार केला. पायरीवर सर थांबले. रेलिंगला हात लावून उभे राहिले. मग आत आले.

डॉक्टर तिशीतला होता. त्यानं बोटाला मशीन लावलं, ऑक्सिजन सत्त्याण्णव. छातीचा फोटो काढला. मला दाखवत म्हणाला, "देखिए मैडम, लंग्स एकदम क्लियर हैं. गले में थोड़ी जलन है बस."

"डॉक्टर साहब, अभी क्लियर हैं," मी म्हटलं. "ये गैस बाद में असर करती है. रात तक भी हो सकता है. मैं प्लांट की लैब में हूँ."

तो वैतागला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला पाहिजे. म्हणाला, एक मिनट. आत गेला, कोणाला तरी फोन केला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"आप सही कह रही हैं. चौबीस घंटे ऑब्ज़र्वेशन में रखना पड़ेगा. ऑक्सीजन तैयार रखेंगे. एडमिट कर लेते हैं."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात प्रतिभा चरोद्याहून आली. वॉर्डबॉयनं सरांना जिन्यावरून वर नेलं, आम्ही मागे. वर सहा खाटांची खोली होती. खिडकीकडची खाट रिकामी होती. सर दारातच थांबले.

"इथं नाही," ते म्हणाले.

प्रतिभानं माझा हात धरला. तिची आई त्याच खोलीत होती.

"सर, दुसरी खोली मागू," मी म्हटलं.

"दुसरी नाही, तिसरी नाही. मी ठीक हाय. फोटो साफ हाय. घरी झोपतो, तू पाहत राहजो." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "सुनीता, आता तू मले नायट्रिक शिकवशील काय?"

रागानं नाही म्हणाले. हसून म्हणाले. लॅबमध्ये मी काही चुकीचं वाचलं की असंच हसायचे.

डॉक्टर वर आला. त्यानं समजावलं. सर ऐकत राहिले आणि मान हलवत राहिले, नाही. शेवटी डॉक्टर प्रतिभाकडे वळला. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा. तुमाले समजते यातलं. तुम्ही म्हणाल तसं करू."

मला त्या वेळी ठाम नाही म्हणता आलं असतं. सर, तुम्ही इथंच राहायचं, मी खाली बसते, तुम्हाला जाऊ देत नाही. इतकंच बोलायचं होतं. माझं ज्ञान बरोबर होतं, डॉक्टर माझ्या बाजूनं होता, मुलगी माझ्या शब्दावर होती. सर घाबरले होते, वायूला नाही, त्या खोलीला. ते मला दिसत होतं. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्या दवाखान्यात नेता आलं असतं.

मी म्हटलं, "सर म्हणून राहिले तं घरी नेऊ. पण लक्ष ठेवावं लागेल."

प्रतिभानं कागदावर सही केली. डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध नेतो आहोत, असा तो कागद असतो. डॉक्टरनं मला बाजूला बोलावून म्हटलं, "मैडम, ज़रा भी साँस फूले तो तुरंत लाइए. देर मत कीजिए."

वाटेत मी बोटाला लावायचं मशीन घेतलं. घरी सरांना पलंगावर बसवलं, मागे उशा. चालायचं नाही, काम करायचं नाही, हे सांगितलं. दर अर्ध्या तासाला आकडा पाहिला. सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. सर गप्पा मारत होते. म्हणाले, त्या भांड्यातलं तू काढून देशील ना, माझ्याच्यानं आता पुन्हा नाही होणार. मी म्हटलं, काढून देते. मग प्रतिभाच्या मोठ्या मुलीला गणितात किती पडले ते सांगत बसले. संध्याकाळी सात वाजता मी निघाले. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. प्रतिभा थांबली होती.

सकाळी पावणेसहाला मी प्लांटच्या गेटपाशी होते तेव्हा तिचा फोन आला. ती रडत नव्हती, फार भरभर बोलत होती. बाबांना श्वास लागला आहे, तोंडातून फेस येऊन राहिला आहे, गाडी बोलावली आहे. मी गेटवरूनच परत फिरले.

मी नर्सिंग होमला पोहोचले तेव्हा तोच डॉक्टर खाली उभा होता. त्यानं मान हलवली. वाटेतच गेले होते.

नंतर प्रतिभानं सांगितलं. पहाटे तिला जाग आली तर बाबा खुर्चीवर ताठ बसले होते. ती म्हणाली, झोपत कावून नाही? ते म्हणाले, आडवं झालं की जड वाटते. कधीपासून? बराच वेळ झाला. मले कावून नाही उठवलं? तुले सकाळी पोरीच्या शाळेसाठी जायचं हाय ना. त्यांनी मशीन स्वतः बोटाला लावून पाहिलं होतं आणि पेपरच्या कडेला पेन्सिलीनं आकडे लिहिले होते. त्र्याण्णव. नव्वद. सत्त्याऐंशी. समोर वेळ. ते पाहत होते काय होत आहे ते. त्यांना माहीत होतं. शेवटचा आकडा एकोणऐंशी होता, त्यानंतर प्रतिभा उठली.

तो पेपर तिनं मला दाखवला. अक्षर लॅबच्या रजिस्टरमधलंच होतं, सरळ, सारखं.

पोस्टमॉर्टम झालं. पोलिसांनी जबाब घेतला. ॲसिड कुठून आलं, कोणी दिलं, घरात काय बनवत होते. मी फोनचंही सांगितलं. हवालदारानं ते लिहून घेतलं, पण त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

लॅबच्या इन्चार्ज साहेबांना मी तेच सांगितलं. ते म्हणाले, "सुनीता जी, फोन पर तो कोई कुछ भी पूछ लेता है. आपकी क्या गलती? आपने तो हूड भी बोला था."

"हूड कुठं आहे ते नाही विचारलं, साहेब."

"अब छोड़िए."

मी सोडलं नाही. त्यांच्याकडे दोन परवानग्या मागितल्या. पहिली, सरांचं भांडं लॅबमध्ये आणायची. अंगणात ते तसंच ठेवणं धोक्याचं होतं, त्याची नीट विल्हेवाट लावायला पाहिजे होती. ती मिळाली. हूडमध्ये ठेवून मी पाहिलं. तळाशी थोडे तुकडे शिल्लक होते. सरांच्या घरी त्याच पातळ ॲसिडची अर्धी बाटली उरली होती, तीही आणली होती. नुसत्या पातळ ॲसिडनं काय होतं ते मला पाहायचंच होतं. भांड्यातलं आधीचं ॲसिड वेगळं काढलं, मग ते पातळ ॲसिड, जसंच्या तसं, न आटवता, त्या तुकड्यांवर घातलं आणि भांडं तसंच सोडलं. रोज शिफ्ट संपताना पाहायची. चौथ्या दिवशी तळ साफ होता.

चार दिवस. आटवायची गरजच नव्हती. आधीचं ॲसिड वापरून संपत आलं होतं, थोडं ताजं घातलं की झालं असतं. कडक ॲसिड लागतं असं त्यांना वाटलं, आणि मी विचारलं नाही कशासाठी हवं. विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, सर, ते पातळच चालते, थोडं थांबा. मी त्यांना थांबायला सांगितलं असतं. ऐकलं असतं त्यांनी, मला वाटतं. ही गोष्ट मी पोलिसांना किंवा साहेबांना सांगितली नाही, फक्त प्रतिभाला सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई गेल्यापासून बाबाले वाट पाहणं होतच नव्हतं ताई. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी गॅस बंद करत."

चांदी निघाली ती मी तिला दिली. सोनार म्हणाला होता त्यापेक्षा जास्त निघाली. अर्ध्याहून बरीच जास्त. ते ऐकायला सर नव्हते.

दुसरी परवानगी सेफ्टी टॉकची होती. शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं सगळे उभे राहतात आणि कोणीतरी एका धोक्याबद्दल बोलतं. साहेब म्हणाले, घर की बात है, प्लांट में क्यों? मी म्हटलं, आपल्याच माणसाची बात आहे. मग ते हो म्हणाले. मी सगळं सांगितलं. फोन, बंद खिडकी, साफ निघालेला एक्स-रे, आणि वरच्या मजल्यावर मी काय बोलले ते. लोक सहसा अशा वेळी मोबाईल पाहतात. त्या दिवशी कोणी पाहिला नाही. वेट लॅबमधले दोन जुने लोक होते, सरांच्या हाताखालचे. एक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सॅम्पल येतं त्या शॉपच्या एका माणसानं विचारलं, "मॅडम, भरती केलं असतं तं वाचले असते काय?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "चान्स होता. चांगला चान्स होता."

ज्या डॉक्टरनं त्यांना पाहिलं होतं, त्यानं नंतर मला बोलावून घेतलं. त्याला या वायूबद्दल एक पान लिहून पाहिजे होतं, हिंदीत, त्याच्या नर्सेससाठी. मी लिहून दिलं. या भागात प्लांट आहे, छोटे कारखाने आहेत, सोनार आहेत, असे पेशंट त्याच्याकडे पुन्हा येतील.

मी अजून लॅबमध्येच आहे. फोन अजूनही येतात, ओळखीचे, नातेवाईक, निवृत्त झालेले. टाकी कशानं साफ करू, हे त्यात मिसळू का, ते आटवू का. आता मी उत्तर आधी देत नाही. कशासाठी, कुठं, खोलीत की बाहेर, हे विचारते. काहींना राग येतो, एवढं काय विचारून राहिली म्हणतात. सॅम्पल मशीनपाशी पडलेलं असेल तर म्हणते, नंतर फोन करते, तोवर काही करू नका.

आणि तपकिरी धूर छातीत गेला असेल तर माणूस कितीही ठीक दिसो, चोवीस तास दवाखान्यात. तो नाही म्हणाला तरी. त्यानं तुम्हाला काम शिकवलं असलं तरी.